शत्रूचे चित्रण : ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’च्या निमित्ताने

एखाद्या समाजाची वाङ्मयीन प्रकृती त्याने रंगवलेल्या नायकांवरून ओळखावी, अशी आपली रूढ समजूत आहे. आपल्या समीक्षेनेही तिला अनुसरून नायकांचा, आणि फार तर खलनायकांचा, विचार केला. परंतु खलनायक निराळा आणि युद्धातील शत्रू निराळा. खलनायकाला नाव असते, घराणे असते, हेवा किंवा लोभ असे काहीतरी कारण असते. युद्धातील शत्रू बहुधा या सर्वांवाचूनच रंगवला जातो. तो कोण आहे यापेक्षा तो कसा दिसतो हे सांगण्याकडे लेखकाचा कल असतो. आणि तो कसा दिसतो हे एकदा ठरले म्हणजे उरलेले काम वाचक आपणच पुरे करतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी माणसाच्या बाबतीत हे जगभर घडले. मराठी मनावर त्याचा ठसा कितपत उमटला आणि तो पुढे कोठे गेला, याचा शोध घ्यावा असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

या शोधासाठी आम्ही व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट पुढे ठेवीत आहोत. साहित्याच्या पत्रिकेत चित्रपटाची, तीही हिंदी चित्रपटाची, चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, कथानायक सोलापूरचा, दिग्दर्शक व प्रमुख नट कोल्हापूरचा, नायिका जयश्री, संगीत वसंत देसाई यांचे, पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्या जोडीला व्ही. पी. साठे, अशा या कृतीची भाषा हिंदी असली तरी तिचे संस्कार मराठी आहेत. शिवाय आमच्या हुबळीचाही तिच्यावर थोडा हक्क आहे. शांताराम यांनी कोवळ्या वयात येथील रेल्वेच्या कारखान्यात काम केले आणि येथल्याच एका पत्र्याच्या चित्रपटगृहात द्वारपाल म्हणून उभे राहून पडद्यावरची पहिली चित्रे पाहिली. ज्या मुलाने दारावर उभे राहून परक्या देशांची माणसे प्रथम पाहिली, त्याने पुढे परक्या देशाची माणसे कशी रंगवली, हे पाहण्याचे कुतूहल आम्हां हुबळी-धारवाडकरांना असणे स्वाभाविक आहे.

युद्धापूर्वी मराठी मनात जपानी माणसाविषयी वैर नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला नमवले, तेव्हा ‘केसरी’ने त्या विजयाकडे आशियाच्या जागृतीचे चिन्ह म्हणून पाहिले. तळेगावच्या पैसाफंड काचकारखान्याचे ईश्वरदास वार्ष्णेय काचेची विद्या शिकण्यासाठी जपानला गेले होते. महर्षी कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका पडली, आणि तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९१६ साली पुण्याचे महिला विद्यापीठ उभे राहिले. म्हणजे उद्योग शिकायचा तर जपान आणि स्त्रियांना शिकवायचे तरी जपान, अशी त्या पिढीची दृष्टी होती. १९३० नंतर या आदराला थोडी उतरती कळा लागली. स्वस्त कापड, चटकन मोडणारी खेळणी, दोन दिवसांत रंग उडणाऱ्या वस्तू यांमुळे ‘जपानी माल’ हा शब्द हलक्या प्रतीच्या वस्तूला लावला जाऊ लागला. तेव्हा हिंदी कापसाचे मोठे परदेशी गिऱ्हाईक जपानच होते, आणि १९३३ साली जकातीच्या वादातून जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा कापूस पिकवणाऱ्या आमच्यासारख्या मुलखांना त्याची झळ जाणवली. पण हा सारा व्यापारातला रुसवा होता. तो मालाविषयी होता. माणसाच्या नाकाडोळ्यांवर अजून कोणी गेलेले नव्हते.

नाकाडोळ्यांवर जाण्याची वेळ युद्धाने आणली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून व अंदमान गेले, आणि एप्रिलच्या आरंभी कोलंबो, विशाखापट्टणम, काकीनाडा येथे बाँब पडले. इतक्या थोड्या अवधीत इतके मोठे साम्राज्य मागे हटावे, याचा उलगडा पाश्चात्त्यांना होईना. ज्यांना काल ते बुटके, दृष्टीने अधू आणि यंत्रविद्येत कच्चे समजत होते, त्यांनाच आज ते अमानुष सहनशक्तीचे, जंगलात भुतासारखे वावरणारे म्हणू लागले. वानर आणि अतिमानव ही दोन्ही चित्रे एकाच वेळी, पुष्कळदा एकाच वृत्तपत्रात, सुखाने नांदत होती. दोहोंत माणूस तेवढा नव्हता. ब्रह्मदेशात चौदाव्या सेनेचे आधिपत्य करणारे जनरल स्लिम हे तारतम्य जाणणारे सेनानी. पण १९५६ च्या आपल्या युद्धस्मृतींत जपानी शिपायाच्या पराक्रमाची वाखाणणी करतानाही त्यांना उपमा सुचली ती लढाऊ कीटकाची. स्तुतीसुद्धा माणसाला माणसाच्या पंक्तीतून उठवू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या वाचनात नाही.

यापेक्षाही विलक्षण प्रकार अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाने केला. पर्ल हार्बरनंतर जेमतेम दोन आठवडे झाले होते. अमेरिकेत चिनी लोक मित्र आणि जपानी शत्रू, पण रस्त्यावरच्या माणसाला दोघे सारखेच दिसत. मित्रावरच हात पडू लागले. तेव्हा २२ डिसेंबर १९४१ च्या अंकात त्या साप्ताहिकाने चिनी व जपानी चेहरा कसा ओळखावा याचा पाठच दिला. एका चिनी मंत्र्याचे छायाचित्र आणि जनरल तोजोचे छायाचित्र शेजारी शेजारी छापून नाकाचा उंचवटा, गालाची हाडे, कातडीची छटा यांवर टिपणे लिहिली. शास्त्राचा आव आणून केलेला हा उद्योग आज हास्यास्पद वाटतो. पण त्यातून एक गोष्ट नकळत कबूल झाली आहे : द्वेष चेहऱ्यावरून निघत नाही, तो आधी ठरतो आणि मग चेहऱ्यावर आपली निशाणी शोधतो.

जपान्यांनी याच्या उलट बाजूने हेच केले. त्यांच्या युद्धकालीन घोषणांत अमेरिकन व इंग्रज यांना राक्षस आणि पशू या अर्थाचा जोडशब्द सर्रास योजला जाई. पीचच्या फळातून जन्मलेला मोमोतारो हा त्यांच्या लोककथेतील बालवीर राक्षसांच्या बेटावर स्वारी करतो. १९४५ सालच्या एका बोलपटात त्याच मोमोतारोला नौदलाच्या वेषात उभे करून राक्षसांच्या जागी इंग्रज अधिकारी घातले आहेत. साचा जुना आणि माती तेवढी नवी.

हिंदुस्थानातील सरकारी प्रचारापुढे मात्र एक अडचण होती. गोऱ्यांची सत्ता पिवळ्यांपासून वाचवा, असे काळ्यासावळ्या लोकांना सांगून भागणार नव्हते. आक्रमक जपान म्हणावे, तर ऐकणारा विचारी, आणि तुम्ही कोण? म्हणून येथील भित्तिपत्रकांत जपानी सैनिक पुष्कळदा अक्राळविक्राळ, दात विचकणारा, खेड्यावर झडप घालणारा असा दिसतो. राजकारण सांगता येत नाही तेथे राक्षस उपयोगी पडतो. याच सुमारास कम्युनिस्ट पक्षाने लोकयुद्धाची भूमिका घेतली, आणि चित्तप्रसाद यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराची लेखणीही फॅसिस्ट जपानविरोधी चित्रांकडे वळली. सरकार आणि त्याचे कालपर्यंतचे कैदी यांनी एकाच शत्रूला एकाच तऱ्हेने रंगवावे, हा त्या काळाचा एक चमत्कार होय.

जपानी सैन्याने केलेले अत्याचार खोटे होते, असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. नानकिंगची कत्तल, चीनमध्ये प्लेगच्या जंतूंचा केलेला वापर, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर मलायातील तामिळ मजुरांची झालेली दैना, अंदमानात डॉ. दिवाणसिंग यांचा छळ करून घेतलेला बळी, ही सारी इतिहासाने नोंदलेली कृत्ये आहेत. आमच्यापासून शंभर किलोमीटरांच्या आत असलेल्या बेळगावी मराठा रेजिमेंटचे केंद्र आहे, आणि तिची एक पलटण १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाक येथे जपान्यांशी प्राणपणाने लढली. ज्या घरांतून ते जवान गेले त्यांना शत्रू हा काही कल्पनेचा खेळ नव्हता. प्रश्न एवढाच, की कृत्याचा दोष करणाऱ्यावर ठेवावा की त्याच्या डोळ्यांच्या ठेवणीवर? प्रचार दुसरा मार्ग पत्करतो, कारण तो सोपा आहे. साहित्य आणि कला यांनीही तोच पत्करावा काय?

आता चित्रपटाकडे वळू. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी हे बाकीचे चौघे. आठव्या सेनेबरोबर काम करीत, बेथून रुग्णालयाची धुरा वाहत, क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी विवाह करून, ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते अपस्माराच्या झटक्यांनी वारले. अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि त्यावरून शांताराम यांनी हे चित्र केले. युद्धकाळात कच्च्या फिल्मचा पुरवठा सरकारच्या मुठीत होता आणि युद्धप्रयत्नांना पोषक चित्रे काढण्याचे बंधन निर्मात्यांवर आले होते. या बंधनातून शांताराम यांनी काढलेली वाट मोठी चतुराईची आहे. त्यांनी इंग्रजांची भलावण करणारा शिपाई न निवडता काँग्रेसने पाठवलेला डॉक्टर निवडला. सरकारला जपानविरोधी चित्र मिळाले आणि प्रेक्षकाला राष्ट्रीय चित्र मिळाले. एकाच तिकिटात दोघांचे समाधान करण्याची ही हातोटी फार थोड्यांना साधते.

त्यातील चिनी माणसांचे चित्रण आम्हांला मनापासून आवडते. चिंगलान ही करुणेची केवळ पुतळी नाही. ती हसते, चेष्टा करते, रागावते, काम करते. बाबूराव पेंढारकर यांच्या चिनी सेनानीला डौल आहे. जयश्रीबाई असोत की बाबूराव, त्यांना रंगभूषेने चिनी केले आहे, हे प्रेक्षकाला पदोपदी दिसत असते. आणि तरीही थोड्या वेळाने ते तो विसरतो, कारण त्या रंगाखाली सुखदुःखे आहेत. त्या काळच्या हॉलिवुडमध्ये गोऱ्या नटांना पिवळे करून जे पूर्वेकडचे लोक उभे केले जात, त्यांच्याशी तुलना केली म्हणजे शांताराम यांचे श्रेय कळते. त्यांनी परका चेहरा आपल्या घरातला केला.

पण चिनी सैनिक रंगवताना जी रंगपेटी उघडली, तीच जपानी सैनिक रंगवतानाही उघडावी लागली. नटही आपल्याकडचेच. गणवेश बदलला आणि नाकाडोळ्यांचा नमुना तोच राहिला. ‘लाइफ’च्या संपादकांना जी अडचण पडली तीच राजकमलच्या रंगभूषाकारालाही पडली असणार : मित्र आणि शत्रू यांचा चेहरा एकच आहे, तेव्हा करायचे काय? साप्ताहिकाने नाकाचे माप घेतले. शांताराम यांनी माप घेतले नाही, ही त्यांची अभिरुची. त्यांनी भेद कथेवर सोपवला. एका पक्षाला घर दिले, गाणे दिले, प्रेम दिले, मूल दिले. दुसऱ्या पक्षाकडे विमाने, बंदुका आणि कैदखाना ठेवला. जपानी आकाशातून बाँब टाकतात, डॉक्टरांना पकडतात, आणि डॉक्टर त्यांच्या हातून निसटतात. संपूर्ण चित्रपटात कोटणीस किंवा चिंगलान यांच्याशी तोलता येईल असे एकही जपानी पात्र नाही. रुग्णसेवेचा आदर्श म्हणून निर्माण केलेल्या कलाकृतीत ही उणीव आम्हांला विशेष खटकते. डॉक्टर हा एकच असा व्यावसायिक आहे की ज्याच्यापुढे शत्रूही केवळ शरीर घेऊन, वेदना घेऊन येऊ शकतो. असा एखादा जखमी जपानी कोटणिसांच्या मेजावर आणून ठेवला असता, आणि त्याच्याशी त्यांचे चार शब्द झाले असते, तर चित्रपटाला जी उंची आली असती तिच्याविषयी केवळ कल्पना करणेच आपल्या हाती उरते.

शेवट बदलल्याविषयी मात्र आम्ही फार तक्रार करणार नाही. प्रत्यक्ष आयुष्यात अपस्माराने आलेल्या मृत्यूच्या भोवती चित्रपटात प्लेगची साथ आणि स्वतःवर केलेला लसीचा प्रयोग यांचे मोठे प्रकरण उभे केले आहे. चरित्रकार म्हणून ते क्षम्य नाही. पण नाटककाराला एवढी मोकळीक देण्याची आपली परंपरा आहे, आणि कीचकवधापासून आपण ती देत आलो आहोत.

चित्रपट प्रदर्शित झाला ती वेळही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि १९४६ च्या आरंभी साऱ्या देशात त्यांच्या नावाचा जयघोष चालला होता. सावंतवाडी संस्थानातील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे त्या सेनेतील एक श्रेष्ठ अधिकारी, आणि कोकणपट्टीला त्यांचा अभिमान होता. ही सेना जपानच्या साहाय्याने लढली होती. म्हणजे जो मराठी प्रेक्षक सभेत जपानच्या मित्रांचा जयजयकार करून येई, तोच चित्रपटगृहात जपानच्या शत्रूसाठी डोळे पुसत असे. यात विसंगती आहे, आणि ती इतिहासाने स्वतःच एका माणसाच्या ठायी एकत्र केली आहे : १९३८ साली कोटणिसांचे पथक चीनच्या मदतीस धाडणाऱ्या काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूच होते!

ही विसंगती त्या प्रेक्षकाला टोचली असेल असे दिसत नाही. आमच्या मते त्याचे कारण असे की, दोन्ही कथांत जपानी माणूस हा कोणी नव्हताच. एका कथेत तो आपल्या डॉक्टरचा त्याग उजळण्यासाठी लागणारा अंधार होता. दुसऱ्या कथेत आपल्या सेनानीला दिल्लीकडे नेणारे वाहन होता. अंधाराला आणि वाहनाला स्वभाव नसतो, म्हणून त्यांच्यात विरोधही येत नाही. सरकारी भित्तिपत्रकातला राक्षस आम्ही तसाच्या तसा स्वीकारला नाही, हे खरे आणि भूषणावह आहे. परंतु राक्षस नाकारून त्या जागी आम्ही माणूस बसवला असे मात्र झाले नाही. जागा रिकामी राहिली.

येथे कोणी म्हणेल की, लढाईच्या धामधुमीत शत्रूला माणूसपण देण्याची अपेक्षा करणे हा शांततेच्या काळातील शहाणपणा होय. आम्हांस ते मान्य नाही, आणि त्यासाठी बाहेरचे दाखले शोधण्याचीही गरज नाही. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार विधिपूर्वक करण्यास राम बिभीषणाला सांगतो, आणि मंदोदरीच्या शोकाला कवी सर्ग देतो. आमच्या शेजारच्या कारवार जिल्ह्यातील यक्षगानात राक्षसाचा वेष सर्वांत भव्य असतो. त्याच्या प्रवेशाला वेगळा थाट आणि वेगळा ताल असतो, आणि तो वेष करणारा नट मानकरी समजला जातो. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा वाचा. खान तेथे शत्रू आहे, पण क्षुद्र नाही. आणि प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याची कबर आहे. ही सारी शत्रूला ओळखणाऱ्या समाजाची लक्षणे आहेत. विसाव्या शतकात छापखाना, चित्रपट आणि भित्तिपत्रक हाती आल्यावर हे जुने भान आम्ही का हरवून बसलो, याचा विचार व्हावयास हवा. आम्हांला वाटते, पोवाडा गाणाऱ्याला शत्रूचे नाव आणि मुलूख ठाऊक होता. भित्तिपत्रक काढणाऱ्याला ठाऊक असतो तो केवळ चेहरा.

ऐन युद्धात याहून निराळे लिहिता येते याचा पुरावा महाराष्ट्राच्या भूमीतच सापडतो. १९४२ च्या जुलैमध्ये, म्हणजे ‘चले जाव’च्या ठरावाआधी जेमतेम तीन आठवडे, गांधीजींनी सेवाग्रामहून ‘प्रत्येक जपान्यास’ उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले आणि ते ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध केले. चीनवरील आक्रमणाचा त्यात स्पष्ट धिक्कार आहे. हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल असे समजत असाल तर तुमची घोर निराशा होईल, असा इशाराही आहे. शब्द कोठेही मऊ केलेले नाहीत. आणि त्याच पत्रात सेवाग्रामात राहून गेलेल्या एका जपानी बौद्ध भिक्षूची आठवण आहे. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने त्याला नेले. त्याचा मिठ्ठास स्वभाव आणि नित्याची उपासना यांचा उल्लेख करून गांधीजी सांगतात की, त्याने मागे ठेवलेला ढोल वाजवून आश्रमातली सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आजही सुरू होते.

साहित्याच्या दृष्टीने आम्ही या पत्राला फार मोठे मानतो. सर्व देशभर जपानी म्हणजे दात विचकणारे तोंड असे चित्र लावले जात असताना, वर्ध्याच्या परिसरातील एका खेड्यात जपानी म्हणजे एक ढोल आणि तो वाजवणारा एक विवक्षित मनुष्य होता. निषेध राष्ट्राच्या कृत्याचा, आणि संबोधन मात्र माणसाला. १९३८ साली रवींद्रनाथांनी योने नोगुची या जपानी कवीला लिहिलेली पत्रेही याच जातीची आहेत. चीनवरील स्वारीचे समर्थन करणाऱ्या जुन्या मित्राला ते कठोरपणे खडसावतात, पण मित्र म्हणूनच. आपल्या पाठ्यपुस्तकांतून ही दोन्ही पत्रे कधीतरी एकत्र यावीत अशी आमची इच्छा आहे. वादविवादस्पर्धेतील टाळीच्या वाक्यांपेक्षा त्यांचा मुलांना अधिक उपयोग होईल.

युद्ध संपले, हिरोशिमा व नागासाकीने जपानविषयीचा सूर पालटला, आणि मराठी लेखक जपानला प्रवासी म्हणून जाऊ लागले. प्रभाकर पाध्ये यांचे ‘तोकोनामा’ आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ ही त्यातली ठळक नावे. जपान आता फुलांचा, चहाच्या विधीचा, कमरेत वाकून केलेल्या नमस्कारांचा देश झाला. राक्षसापेक्षा हे चित्र केव्हाही गोड. आमची शंका एवढीच की, प्रवाशाच्या वाट्याला येणारा माणूस हा बहुधा आतिथ्य करणारा असतो, आणि यजमानाचा चेहरा हाही एक चेहराच असतो.

मग तो राक्षसाचा मुखवटा कोठे गेला? तो फार दिवस रिकामा राहिला नाही. १९६२ साली चीनने आक्रमण केले आणि कोटणिसांच्या सासुरवाडीचे लोक आमचे शत्रू झाले. आक्रमणाचा राग रास्त होता. पण तो व्यक्त करायला जे शब्द पुढे आले त्यांत पुन्हा बारीक डोळे होते, चपटी नाके होती, पिवळा रंग होता. वीस वर्षांपूर्वी जपान्यांसाठी शिवलेले कपडे चिन्यांच्या अंगाला बेताचे बसले. हा केवळ आलंकारिक बोलण्याचा भाग नाही. महायुद्धात मलाया व सिंगापूर येथून धरून आणलेल्या जपानी नागरिकांना प्रथम दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात आणि नंतर राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले होते. १९६२ नंतर भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत वृद्ध आणि मुलेही होती, ज्या ठिकाणी स्थानबद्ध केले ते ठिकाण म्हणजे तीच देवळी.

आणि आज? आमच्या हुबळीपासून पन्नासेक किलोमीटरांवर मुंडगोड येथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. द्रेपुंग व गांदेन या त्यांच्या प्राचीन विहारांची पुन्हा स्थापना तेथे झाली आहे. थंडीच्या दिवसांत तिबेटी स्त्रिया लोकरीचे कपडे विकण्यास आमच्या बाजारात बसतात. चीनच्या भयाने ज्यांनी देश सोडला, त्यांना आमची शाळकरी मुले ‘चिनी’ म्हणून हाक मारताना आम्ही अनेकदा ऐकले आहे. ती मुले दुष्ट नाहीत. त्यांना तो शब्द कोणी शिकवलेला नाही, आणि तरीही तो त्यांना येतो. २०२० च्या साथीत ईशान्येकडील विद्यार्थ्यांना देशातील अनेक शहरांतून याच चेहऱ्यापायी हेटाळणी आणि त्याहून वाईटही सोसावे लागले. साथ चीनमधून आली एवढे निमित्त पुरले. मणिपूर आणि मिझोराम यांचा चीनशी काय संबंध, हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. मणिपूर म्हणजे तोच मुलूख, जेथे सांगशाक आहे.

म्हणून ‘डॉ. कोटणीस’चा शेवट आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. चिंगलान आपल्या मुलाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. मराठी घराच्या उंबरठ्यावर तो चेहरा सून म्हणून उभा राहतो आणि घर त्याला आत घेते. प्रत्यक्षातही क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या, आणि २०१२ साली त्यांचे निधन झाले. जे काम दहा व्याख्यानांनी होणार नाही ते या एका दृश्याने केले आहे. त्याचा मोठेपणा मान्य करूनच आम्ही वर सांगितलेली तक्रार नोंदवली. त्या उंबरठ्यावर चिनी चेहऱ्याला जागा मिळाली, ती सून म्हणून. नात्यावाचून, नुसता परका म्हणून उभ्या राहणाऱ्याला ती मिळाली असती काय, याचे उत्तर चित्रपटाला द्यावे लागत नाही.

मराठीत हे उत्तर फार उशिरा, आणि अगदी अनपेक्षित दिशेने आले. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ सालचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले. आज ते शिक्षकांच्या घरोघरी आहे. आम्ही शिक्षक ते वाचतो ते आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेसाठी आणि कोबायाशी या विलक्षण मुख्याध्यापकांसाठी. मुलीचे बोलणे तासन्‌तास ऐकत बसणाऱ्या त्या गृहस्थांचा हेवा वाटून आम्ही पुस्तक मिटतो. पण त्या पुस्तकातला काळ पाहावा. तो कोटणिसांचाच काळ आहे. तोत्तोचान जेव्हा रेल्वेच्या डब्यात बसून शिकत होती, तेव्हा तिच्याच देशाची विमाने चीनवर बाँब टाकीत होती. तिचे वडील व्हायोलिनवादक. घरात साखर नाही, पण लष्करी गाणी वाजवून ती मिळवायला ते तयार होत नाहीत. अखेर १९४५ साली अमेरिकन बाँबफेकीत ती शाळा जळून जाते.

त्या शाळेत र्‍योचान नावाचा एक शिपाई आहे. मोडलेले काहीही दुरुस्त करून देणारा म्हणून मुलांचा फार लाडका. एक दिवस त्याला सैन्यात भरती होण्याचे बोलावणे येते. मुख्याध्यापक त्याच्यासाठी निरोपाचा चहा ठेवतात. मुले एकेक करून उठून त्याला काहीबाही सांगतात, आणि र्‍योचान निघून जातो. तो कोणत्या आघाडीवर गेला, कोणाच्या गावावर चालून गेला, पुस्तकात काही सांगितलेले नाही. ‘डॉ. कोटणीस’मधले जपानी शिपाई पडद्यावर धावत येतात, तेव्हा आता आम्ही त्यांच्या रांगेत त्याला शोधतो.